पंचनाम्यासाठी ठेवलेली खांड

मी चौथी नापास. त्यापुढे शाळा नाही. लिहिण्यात चुका असतील त्या छापणाऱ्याने खुशाल सुधाराव्यात, मतं तेवढी सुधारू नयेत. ती मी पेणच्या बाजारात, एसटीत, रोह्याच्या गाडीत, कुणी विचारलं नाही तरी सांगत आलो आहे. घरात कुणी ऐकत नाही म्हणून आता कागदावर.

आमचं गाव पेणच्या पश्चिमेला, खाडीला टेकून. गाव आणि खाडी यांच्या मधे भातशेती, आणि शेती आणि खाडी यांच्या मधे मातीचा एक बांध. बांधाबाहेर समुद्राचं खारं पाणी दिवसातून दोनदा चढतं नि उतरतं. आत पावसाच्या गोड पाण्यावर भात. उधाणाच्या दिवशी बांधावर उभे राहिलात तर बाहेरचं पाणी आतल्या भाताच्या डोक्याहून उंच दिसतं. पाहुणे घाबरतात. आम्ही कधी घाबरलो नाही, कारण तो बांध आमच्या वाडवडलांनी घातला आणि आम्ही राखला.

राखला म्हणजे कसा, तेही सांगतो. बांध फुटून पाणी आत घुसलं की त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की गावात हाळी द्यायची आणि घरटी एक माणूस बांधावर हजर. याला जोळ म्हणायचं. जोळीला नाही म्हणायची सोय नव्हती. घरात मयत झालं असेल तर सूट, बाळंतपण असेल तर नाही, कारण बाळंतपणात पुरुषाचं काय काम. भांडण असलं तरी यायचं. माझ्या बापाचं आणि पलीकडच्या घरच्याचं हाडवैर होतं, एकमेकांच्या ओटीवर पाय ठेवायचे नाहीत. पण जोळीच्या रांगेत बाप चिखलाचा गोळा त्याच्या हातात द्यायचा आणि तो पुढच्याच्या. बोलायचे नाहीत. गोळा मात्र जायचा.

आणि हे काम कधी करायचं तेही ठरलेलं. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण. भरदुपारी पाणी बांधाच्या गळ्याला येतं. अष्टमी ते दशमी पाण्याचा जोर मोडलेला असतो, त्या दिवसांना आम्ही भांग म्हणतो. खांड बुजवायची ती भांगातच. एक भांग चुकला की पुढचं उधाण खांड रुंद करून जातं, आणि शेतात खारं पाणी एकदा बसलं की मीठ धुऊन निघायला तीन पावसाळे लागतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरांनासुद्धा माहीत होतं. होतं म्हणतो, आहे म्हणत नाही.

पुढे सरकारने बांध आपल्याकडे घेतले. लोकांना बरं वाटलं. सरकार बांधणार असेल तर आपण कशाला पाठ मोडायची? सुरुवातीला कामं झालीही, खोटं कशाला बोलू. मग टेंडरं सुरू झाली. टेंडर म्हणजे काय ते मला अजून पुरतं कळलेलं नाही, पण टेंडरं निघायला लागल्यापासून बांधावर माणसं दिसेनाशी झाली एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. जोळीची रांग मोडली ती अशी. कुणी मोडा म्हणालं नाही. हळूहळू कुणी यायचंच बंद झालं.

राजकारणाचं माझं मत गावात सगळ्यांना पाठ आहे. पूर्वी माणूस एका पक्षाचा असला की मरेपर्यंत त्याच पक्षाचा. त्याच्या डोक्यावरची टोपी बघून कळायचं. आता सकाळी ज्याला टीव्हीवर शिव्या घालतात, संध्याकाळी त्याच्याच गाडीत बसून जेवायला जातात. बरं, वरच्यांनी जावं, त्यांना जेवण मिळतं. आमच्या गावातले लोक त्या शिव्यांवरून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. वरच्यांचं मिटलं तरी आमच्यातलं तसंच राहतं. माझा धाकटा चुलतभाऊ एका पार्टीचा, सरपंच दुसरीचा. दोघांचे साहेब सध्या एकाच सरकारात आहेत म्हणे. पण हे दोघे देवळात एका बाकावर बसत नाहीत.

महागाईचंही माझं मत आहे, पण ते सगळ्यांचंच असतं, म्हणून लांबवत नाही. एवढंच सांगतो की गॅसची टाकी आली तेव्हा बायको म्हणाली, चुलीचा धूर गेला. आता टाकी संपली की ती चूल पेटवते आणि मला सांगते की चुलीवरची भाकरी चवीला बरी. मी पण म्हणतो, व्हय, बरी.

आता खांडीची गोष्ट. कोणत्या वर्षाची ते विचारू नका, अलीकडची सगळी वर्षं सारखीच चालली आहेत.

श्रावणातली अमावास्या होती. दुपारी मी बांधावर गेलो, उधाणाला जायची मला सवय आहे. खाडीच्या वळणावर बांध बसला होता आणि पाणी आत लोटत होतं. बैलगाडी जाईल एवढी खांड. धरमतर बंदराला मालाच्या बार्जेस जातात त्यांच्या लाटांनी झालं असं कुणी म्हणतं, खेकड्यांनी पोखरलं असं कुणी म्हणतं. दोघांचं खरं असेल. पण बांधाला भोकं पूर्वीही पडायची, ती बघायला रोज कुणीतरी जायचं.

खांडीलगतचे तुकडे गेले. माझं आणि चुलतभावाचं शेत त्यांच्या आत, शेजारीशेजारी. त्या तुकड्यांच्या नि आमच्या मधल्या मेरेने, म्हणजे छोट्या बांधाने, पाणी अडवलं आणि ओहोटीला बरंचसं परत खाडीत गेलं. आमचं भात वाचलं होतं. भात निसवायला आलेलं, लोंब्या बाहेर डोकावत होत्या. पण मेर म्हणजे हातभर माती. पुढच्या पौर्णिमेचं उधाण ती सोसणार नव्हती. म्हणजे मधल्या भांगात खांड बुजली तर भात राहणार, नाही तर जाणार. एवढा सरळ हिशेब होता.

मी गावात येऊन हाळी दिली. माझा आवाज अजून खणखणीत आहे. माणसं आली, बरीच आली. सगळ्यांनी खिशातून मोबाइल काढले. घटकाभरात आमची खांड मुंबईपर्यंत पोचली, रोह्याहून मुलाचा फोन आला की बाबा, बांध फुटला काय. फावडं घेऊन मात्र कुणी आलं नव्हतं.

संध्याकाळी देवळात बैठक झाली. मला वाटलं, कोण लाकडाच्या मेढी आणणार, कोण पेंढा, ते ठरेल. चुलतभाऊ उभा राहिला आणि म्हणाला, "खांडीला कोणी हात लावायचा नाय. आपण बुजवली तर साहेब येऊन बघणार काय? पंचनामा कशाचा करणार?"

मी सरपंचाकडे बघितलं. हा तरी विरोध करील, याचा जन्मच त्याच्या विरोधात गेला. सरपंच म्हणाला, बरोबर आहे. पंचनामा होईपर्यंत आहे तसंच ठेवायचं, मग भरपाई पण मिळेल आणि पक्का बांध पण मंजूर होईल. त्याच्या साहेबांनीही त्याला फोनवर तेच सांगितलं होतं. गावातल्या दोन पार्ट्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मी बोललो. मी बोलतोच. उभं भात बुडवून त्याची भरपाई मागायची हे मला समजत नाही म्हणालो. घरात पोर आजारी पडलं तर त्याला औषध न देता ठेवता काय, सर्टिफिकेट मिळेपर्यंत?  मग मागून एक जण म्हणाला, "आबा, तुमच्या भाताला भाव काय मिळतो तो सांगा आधी." आणि लोक हसले. वाईट हसले नाहीत, आपलेच असल्यासारखे हसले.

 बियाणं, ट्रॅक्टर, खत, लावणीची मजुरी, कापणीची मजुरी, सगळं धरलं तर माझा तांदूळ दुकानातल्या तांदळापेक्षा महाग पडतो. म्हणून मी ते धरतच नाही. पण हे बैठकीत कसं सांगणार? मी म्हणालो, मी एकटा बुजवीन. आणि उठलो. माझ्या अशा बोलण्याची गावाला सवय आहे, कुणी अडवलं नाही.

चतुर्थीला मुलगा रोह्याहून आला, सून आणि नातवंडं घेऊन. तो तिकडे कंपनीत आहे. कंपनीत म्हणजे कंत्राटदाराकडे. अंगावर कपडे कंपनीचे, पगार कंत्राटदाराचा, आणि काही झालं की दोघेही म्हणणार हा आमचा नाही. इतकी वर्षं झाली, केस पिकायला लागले, अजून तो टेंपररी. मी त्याच्या वयात टेंपररी हा शब्द ऐकला नव्हता. जमीन होती, बैल होते, माझं म्हणून जे होतं ते सगळं परमनंट होतं. असं मला वाटायचं.

आरती झाल्यावर मी त्याला म्हणालो, अष्टमीला थांब. तू, मी आणि तुझे दोस्त येतील ते. पाचसहा हात असले तरी खांड अर्धी बसेल, मग बघून बाकीचे लाजून येतील.

 तो म्हणाला, "बाबा, अष्टमीला माझी सेकंड शिफ्ट हाय. एक दिवस गेलो नाय तर दुसरा उभा करतात माझ्या जागी."

"आजारी हाय म्हणून सांग."

"गेल्या गणपतीला तेच सांगितलं होतं." मग तो म्हणाला, "रेशनला तांदूळ फुकट मिळतो बाबा. तुम्ही कशाला जीव काढता? पाय घसरून पडलात तर मला फोन येईल, आणि गेटवरून मला सोडणार नायत."

मला राग यायला पाहिजे होता. सरकार फुकट तांदूळ देतं, आईच्या खात्यात महिन्याचे पैसे टाकतं, आणि मुलाला सणाला घरी राहू देत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच राज्यात कशा चालतात, हे मला कुणीतरी शिकलेल्याने समजावून सांगावं. पण मुलावर राग आला नाही. तो खरं बोलत होता. मी म्हणालो, जा. दीड दिवसाचा मुक्काम करून तो गेला. जाताना आईच्या पाया पडला, माझ्या पडला, आणि बांधाकडे बघायचं टाळून रिक्षात बसला.

अष्टमी उजाडली. त्या दिवशी गौरीची पूजा. गावात पुरुष माणसं भरपूर होती. मुंबईची आलेली, रोह्याची, पनवेलची. घरोघर पत्ते चालले होते, स्पीकर लावलेले होते. जोळीला याहून चांगला दिवस मिळाला नसता. भांगाचं पाणी, दुपारची ओहोटी, आणि गाव माणसांनी भरलेलं. मी मेढी खांद्यावर घेतल्या, पहार घेतली आणि निघालो. बघतो तर बायको मागे. लुगडं खोचलेलं, डोक्यावर दोन घमेली.

"घरी गौरी बसलीय गो," मी म्हणालो.

"तिला सांगून आले," ती म्हणाली.

आम्ही सकाळपासून दुपार कलेपर्यंत काम केलं. मी मेढी ठोकल्या, त्यांच्यात पेंढा भरला. ती खालून चिखल कापून घमेल्यात भरून आणायची, मी थापायचो. पूर्वी गोळा हातातून हातात यायचा, माणूस जागचा हलत नसे. इथे ती प्रत्येक घमेल्यासाठी खाली जाणार नि वर येणार. चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जातो, तो काढायला दुसऱ्या पायाने जोर लावावा लागतो. तिचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे. 

मधेच चुलतभाऊ आला. पांढरे कपडे, चप्पल हातात. मला वाटलं, मदतीला आला. तो म्हणाला, "दादा, ऐक माझं. तू थोडी जरी बुजवलीस ना, तर उद्या साहेब म्हणतील खांड लहान हाय."

मी थापत राहिलो.

"तुझ्या शेजारी माझं शेत हाय. मला काय बुडायची हौस हाय?" तो म्हणाला. "शब्द दिलाय त्यांनी. विसर्जनं झाली की येतात."

"पौर्णिमा थांबणार हाय काय त्यांच्यासाठी?"

 तो गेला नाही. बांधावर बसून राहिला, मोबाइल हातात धरून, बोट न लावता. त्याला चिखलात हात घालता येत होते. त्याचा बाप जोळीत सर्वांत पुढे, पाण्यात छातीपर्यंत उभा राहणारा माणूस. मी त्याला त्याच्या बापाचं नाव घेऊन चार शब्द सुनावले. तो ऐकून घेत बसला. माझ्यापेक्षा त्याला फार वेगळं वाटत नसावं, असं मला आता वाटतं. पण साहेबांचा शब्द त्याने सगळ्या गावाला दिला होता, तो मोडायची त्याची टाप नव्हती.

दुपारनंतर भरती लागली. भांगाची भरती, मोठी नाही. ती आली आणि आम्ही थापलेल्या चिखलाला एका बाजूने चाटू लागली. दोन माणसांनी थापलेला चिखल तो. दाबायला पाय नाहीत, वरून टाकायला हात नाहीत. मेढी कलल्या, पेंढा तरंगला. मी परत थापायला वाकलो तेव्हा बायकोने घमेलं खाली ठेवलं.

"पुरे आता. हे दोघांचं काम नाय," ती म्हणाली.

नवमीला मी पुन्हा गेलो, दशमीलाही. एकटाच. बायको उठू शकत नव्हती. गावात बोलणं झालं की म्हातारा हट्टाने बाईला मारतोय. मग मीही थांबलो. हट्टी माणूस थांबला की लोकांना बरं वाटतं, मला कुणीकुणी चहा पाजला.

गणपती विसर्जनं झाली, साहेब आले नाहीत. त्यांना दुसरीकडे उद्घाटन होतं. पौर्णिमेला भरदुपारी पाणी चढलं. मी मेरेवर उभा होतो. लोकांना वाटतं समुद्र शेतात घुसतो म्हणजे लाटा, आवाज. तसं काही नसतं. पाणी पाहुण्यासारखं येतं, आधी चपला काढल्यासारखं कडेला थांबतं, मग पसरतं. मेर माझ्या पायाखाली विरघळली, तेव्हा मी एक पाऊल मागे आलो. लोंब्या पाण्यावर राहिल्या. त्या दिवशी भात हिरवंगार दिसत होतं, दुसऱ्या दिवशीही. पिवळं पडायला मागाहून सुरुवात झाली.

पाण्याबरोबर मासळी शेतात शिरली होती. ओहोटीला पोरांनी खांडीच्या तोंडाशी जाळी लावली. गणपतीचे दिवस संपलेले, लोक मासळीला हपापलेले, घरोघर कालवण झालं. शेजारणीने आमच्याकडेही वाटी आणून दिली. काय करणार, चांगल्या मनाने दिली. बायकोने घेतली.

पंचनामा झाला. साहेब आले, अधिकारी आले, ओहोटीची वेळ बघून आले म्हणजे चपला भिजू नयेत. चुलतभाऊ पुढे होता. पलीकडे सरपंच आपल्या माणसांसह. साहेबांनी पिवळ्या भाताकडे हात केला आणि फोटोवाल्याने सांगितलं की शेतकरी कोण, शेतकरी पाहिजे जवळ. चुलतभावाने माझा दंड धरला आणि म्हणाला, हे आमचे दादा, जुने शेतकरी. मला विचारायचं होतं की अष्टमीला कुठे होतात. शब्द जिभेवर होते. पण चुलतभाऊ कानात म्हणाला, "फोटो नाय तर तुझं शेत पंचनाम्यात येणार नाय. वयनीचा तरी विचार कर." मी उभा राहिलो. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून मी हात वर केला, तेवढ्यात फोटो झाला.

पाऊस ओसरल्यावर मशीन आलं. पोकलेनने एका सकाळीच खांड बुजवली, ज्या कामाला आमचं सगळं गाव लागायचं. चांगली बुजवली, नाव ठेवायला जागा नाही. आत साचलेलं खारं पाणी मात्र आतच राहिलं. बाहेर जायची वाट म्हणजे बांधातली उघाडी, तिची लोखंडी फळी गंजून बसलेली, आणि ती हलवायची परवानगी वेगळ्या खात्याची. आता बांध भक्कम आहे. बाहेर खारं, आत खारं, मधे नवी माती. भरपाई येणार आहे असं चुलतभाऊ सांगतो. त्याचंही शेत माझ्यासारखंच पांढरं पडलंय, पाणी आटलं तिथे मीठ फुललंय. जमिनीचा एक दलाल दोनदा येऊन गेला. म्हणाला, आबा, आता तसं पण काय पिकणार? मी त्याला चहा न देता पाठवला. तिसऱ्यांदा येईल तेव्हा काय करीन ते आत्ताच लिहीत नाही.

दिवाळीच्या आत कणगीतला जुना तांदूळ संपला. रेशनचा मी खात नाही, खाणार नाही. म्हणून पिशवी घेऊन पेणला गेलो, जन्मात पहिल्यांदा तांदूळ विकत घ्यायला. एसटीतून उतरलो आणि नाक्यावर मोठा बोर्ड लावलेला दिसला. खांड बुजवल्याबद्दल साहेबांचे आभार, समस्त ग्रामस्थ. साहेबांचा चेहरा बैलाएवढा, आणि त्यांच्या शेजारी कपाळाशी हात नेऊन उभा असलेला एक म्हातारा. त्यांना सलाम करतोय असं कुणालाही वाटेल.

बोर्ड उंच होता, माझा हात पोचण्यासारखा नव्हता. पोचला असता तरी मी काय केलं असतं मला सांगता येत नाही. मी समोरच्या दुकानात शिरलो. बरणीतले, पोत्यातले तांदूळ हातात घेऊन बघितले. कुठल्यालाच वास नव्हता. दुकानदार तराजूवर माप टाकता टाकता बाहेर बघत होता, मग माझ्याकडे.

"आबा, तो बोर्डावरचा तुम्हीच ना?"

"नाय," मी म्हणालो. "तांदूळ भर."